सुट्या तुकड्यांतून उभा राहणारा नकाशा

टेबलाभोवती बसून भूमिका वठवण्याचे खेळ, म्हणजेच जगभर ‘रोल प्लेइंग गेम’ या नावाने ओळखले जाणारे खेळ, मुळात बोलण्याचे खेळ आहेत. चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो, इतर जण एकेक पात्र घेतात आणि प्रसंग पुढे सरकतो तो प्रश्नोत्तरांतून व फाशांच्या दानातून. पट नसला तरी हा खेळ चालतो. मात्र चकमकीचा प्रसंग आला, की कोणीतरी विचारतेच: दरवाजा नेमका कुठे आहे, आणि माझे पात्र त्यापासून किती अंतरावर उभे आहे? तोंडी उत्तराने सहा जणांच्या डोक्यात सहा वेगळी चित्रे तयार होतात आणि मग वाद सुरू होतो. हा वाद टाळण्यासाठी नकाशा लागतो.

हा नकाशा ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या घरात मांडायचा म्हटले, की अडचण जागेपासूनच सुरू होते. बहुतेक घरांत खेळाचे टेबल हेच जेवणाचे टेबल असते. काही घरांत तेही नसते. रविवारी दुपारी मांडलेला डाव रात्रीची ताटे येण्याआधी उचलावा लागतो. अशा घरासाठी एकसंध मोठा पट निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी सोयीचे ठरतात ते नकाशाचे सुटे तुकडे. खेळणारे त्यांना टाइल्सच म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर एखादी खोली, वळण, जिना वा चौक चितारलेला असतो; कडेला कडा लावून ते मांडायचे आणि डाव संपला की बुटाच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकायचे.

या खेळांत सर्वाधिक रुळलेले प्रमाण एक इंचाला पाच फूट, म्हणजे साठास एक असे आहे. तुकड्यावर एकेक इंचाच्या चौकटी आखलेल्या असतात आणि एका चौकटीत एक माणूस उभा राहतो, असे धरले जाते. ‘दहा बाय दहाची खोली’ या शब्दांत ज्यांनी आयुष्यभर घराचा हिशेब केला, त्यांना हे प्रमाण चटकन कळावे. तशी खोली या नकाशावर अवघ्या चार चौकटींत मावते, आणि चार माणसे उभी राहिली की ती भरते. चार फूट लांब व अडीच फूट रुंद टेबलावर २४० फूट बाय १५० फुटांची भूमी मांडता येते. एखाद्या वाड्यासाठी वा देवळाच्या आवारासाठी तेवढी पुरते, किल्ल्यासाठी मात्र नाही.

राजाच्या मेजापासून पुठ्ठ्यापर्यंत

आपल्याकडचे जुने पट दोन टोकांचे आहेत. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले मंकळा वा नवकंकरीचे पट आढळतात. ते जिथे आहेत तिथेच खेळायचे. दुसऱ्या टोकाला सारीपाटाचे कापड. ते गुंडाळून कुठेही नेता येते, पण त्यावरचे घर आणि घर कायमचे ठरलेले असते. पट हलवताही यावा आणि बदलताही यावा, ही गरज या खेळांना कधी भासली नाही, कारण त्यांत पट म्हणजे एखादी विशिष्ट भूमी नव्हती.

ती गरज युद्धाचा सराव करणाऱ्यांना भासली. प्रशियातील एक अधिकारी गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसवित्झ याने १८१२ मध्ये राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याला एक मेज सादर केले. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते आणि गावे दाखवणारे रंगवलेले चौरस तुकडे होते व ते हवे तसे फिरवून नवी रणभूमी तयार करता येत असे. आजच्या टाइल्सची कल्पना तिच्या मूळ रूपात येथे दिसते. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने हाच खेळ सैन्यासाठी नव्याने बांधला तेव्हा त्याने तुकडे बाजूला ठेवले आणि सुमारे १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले. सैनिकाला काल्पनिक भूमी नको होती, खरी हवी होती. याच आवृत्तीत निर्णय देणारा पंच आणि फासे यांची जोडी पक्की झाली; आजचा सूत्रधार हा त्या पंचाचाच दूरचा वंशज म्हणता येईल.

एच. जी. वेल्स यांनी हा विषय मुलांच्या खोलीत आणला. १९११ चे ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ चे ‘लिटल वॉर्स’ ही त्यांची पुस्तके फळ्या, लाकडी ठोकळे आणि शिशाचे शिपाई घेऊन जमिनीवर खेळायच्या खेळांविषयी आहेत. पुढे अमेरिकेत छंद म्हणून युद्धखेळ खेळणाऱ्यांतूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सैन्याऐवजी एकेका पात्राची गोष्ट आणि मोकळ्या रणांगणाऐवजी तळघरातला चक्रव्यूह, हा त्यातला मोठा बदल. चक्रव्यूह दर आठवड्याला नवा लागतो, आणि सूत्रधाराला नोकरी वा कॉलेज असते. म्हणून प्रकाशक कंपनी टीएसआरने १९७६ पासून ‘जिओमॉर्फ’ नावाचे कागदी संच काढले. कापून, फिरवून, एकमेकांना जोडून तळघराचा आराखडा तयार करायचा, अशी ही सोय होती. मात्र तो आराखडा सूत्रधाराच्या हातात राहायचा. खेळाडूंच्या समोर मांडायचे, बाहुल्या उभ्या करता येतील एवढे मोठे तुकडे नंतर रुळले. १९९७ मध्ये टीएसआर विकत घेणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००६ पासून ‘डन्जन टाइल्स’ या नावाने दोन्ही बाजूंनी छापलेले पुठ्ठ्याचे संच बाजारात आणले. दरम्यान साध्या पटखेळांनीही ही युक्ती उचलली होती. १९९५ च्या ‘कॅटान’मधील १९ षटकोनी भूखंड दर डावाला नव्याने मांडले जातात, तर २००० च्या ‘कारकासोन’मध्ये ७२ चौरस तुकडे एकेक करून मांडणे हाच खेळ आहे.

कडा जुळण्याचे गणित

कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशेजारी बसला पाहिजे, यावर सारे अवलंबून असते. त्यासाठी आतले चित्र कसेही असले तरी कडेवरची वाट ठरलेल्या जागीच बाहेर पडावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे भूपत्रक हे याचे परिचित उदाहरण. जुन्या क्रमांकांच्या पद्धतीत १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर ठाणे शहर ४७ ए/१६ या पत्रकात येते आणि डोंबिवली ४७ ई/४ मध्ये. दोहोंची सीमा ७३ अंश पूर्व रेखांश. ही रेषा कळवा-मुंब्र्याच्या आसपासून जाते. पहिल्या पत्रकाच्या उजव्या कडेला जिथे लोहमार्ग संपतो, तिथूनच दुसऱ्याच्या डाव्या कडेला तो सुरू होतो. फरक एवढाच, की भूपत्रकाला एकच शेजारी असतो. खेळाच्या तुकड्याला कोणाच्याही शेजारी आणि कोणत्याही दिशेने बसता आले पाहिजे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कडेवर विषम संख्येच्या चौकटी घेणे. पाच चौकटींचा चौरस तुकडा असेल, तर बरोबर मधली, तिसरी चौकट ही वाट. तुकडा कसाही फिरवा, वाट वाटेसमोरच येते. कडेला सहा चौकटी घेतल्या तर मधली चौकटच राहत नाही. मग एक तर वाट दोन चौकटी रुंद ठेवावी, नाही तर दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर दोन वाटा काढाव्यात. अनेक जिओमॉर्फ दहा चौकटींचे असून त्यांत हाच दुसरा मार्ग दिसतो.

संख्येचा मोह येथे आवरावा लागतो. चारही कडा जुळणारे नऊ तुकडे तीन बाय तीन मांडले, तर जागांची अदलाबदल आणि प्रत्येकाच्या चार दिशा धरून ९,५१२ कोटींहून अधिक मांडण्या होतात. संपूर्ण पट फिरवून सारख्याच दिसणाऱ्या मांडण्या वगळल्या तरी २,३७८ कोटी उरतात. हे आकडे खरे आहेत आणि फसवेही. त्यातल्या बहुसंख्य मांडण्या खेळणाऱ्याला सारख्याच वाटतात, कारण एक खोली डावीकडे गेली काय नि उजवीकडे, गोष्टीत काही फरक पडत नाही. चांगल्या संचात तुकड्यांची संख्या नव्हे, त्यांचे स्वभाव मोजावेत: एखादा कोंडीत पकडणारा, एखादा उघड्यावर आणणारा, एखादा दोन वाटांत निवड करायला लावणारा.

चौकट की षटकोन, हा वाद या छंदाइतकाच जुना आहे. चौकटीत तिरपे चालले की प्रत्यक्ष अंतर सुमारे १.४१ पट पडते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली तिरपी चाल पाच फुटांची, दुसरी दहा फुटांची असा हिशेब होता, २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तो सोडून प्रत्येक तिरपी चाल एकच चौकट धरली. षटकोनात ही कटकट नाही, सहाही शेजारी सारख्या अंतरावर असतात. पण भिंती काटकोनात असतात, खोल्या चौकोनी असतात. रान, डोंगर, खाडी यांना षटकोन आणि घराला, तळघराला चौकट, ही विभागणी व्यवहारात बरी पडते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर चौकटींचा पटच ऐच्छिक ठरवला.

तुकड्यांत न मावणारा माहुली

तुकड्यांच्या नकाशाचा खरा दोष जागेचा किंवा पैशांचा नाही. पेटीत जे असेल तेवढेच जग होते, हा तो दोष आहे. सूत्रधाराकडे गोल खोलीचा तुकडा नसेल तर गोष्टीतली गोल खोली नकळत चौकोनी होते. बाजारातले बहुतेक संच युरोपीय तळघरे, सराया आणि दगडी दालने दाखवतात. म्हणून डोंबिवलीतल्या टेबलावरची गोष्टही मुकाट्याने तिकडेच घडू लागते. आसनगाव स्थानकाच्या पलीकडे माहुलीचे सुळके उभे असताना हे व्हावे, ही थोडी खटकणारी गोष्ट आहे.

याच परिसरातल्या मुलांना भूमी घडवण्याचा दुसरा एक खेळ चांगला ठाऊक आहे. दिवाळीचा किल्ला हा तुकड्यांच्या नकाशाच्या अगदी विरुद्ध टोकाचा प्रकार. दगड, विटा, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट, वर हळीव किंवा मोहरी पेरून आणलेली हिरवळ आणि मग मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. येथे प्रमाणाचा आग्रह नसतो. मावळा दरवाजाहून उंच असला तरी कोणाची तक्रार नसते. चौकट नसते, नियम नसतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत फार तर तो टिकतो. पण बुरूज कुठे आणि वाट कशी वळवायची, हे मूल स्वतः ठरवते. सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले, माती विकत आणावी लागू लागली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले बाजारात आले. त्या तयार किल्ल्यात हे ठरवणेच उरले नाही. तयार टाइल्सच्या संचाबद्दल जी शंका येते ती नेमकी हीच आहे.

दुसरी उणीव उंचीची. अडीच हजार फुटांहून उंच असलेला माहुली साठास एक या प्रमाणात उभा करायचा, तर त्याची प्रतिकृती चाळीस फुटांच्या वर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी होईल. सपाट तुकड्यावर कडा ही केवळ एक रेघ असते. त्यामुळे डोंगरी किल्ला खेळात आणताना संपूर्ण किल्ला मांडण्याचा हट्ट सोडून जिथे निर्णय होतो तेवढ्याच जागा निवडाव्या लागतात.

माहुली त्यासाठी सोयीचा आहे, कारण तो मुळातच तुकड्यांचा आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी तीन शेजारची शिखरे आणि त्यांना जोडणाऱ्या खिंडी. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना येथेच कोंडीत धरले व अखेर त्यांना तह करावा लागला. हा वेढा खेळायचा तर तिन्ही माथे कागदावर छोट्या प्रमाणात दाखवावेत आणि टेबलावर मोठे तुकडे यावेत ते फक्त खिंडीचे, पाण्याच्या टाक्याचे आणि दरवाजाचे. खिंड अरुंद, म्हणून तीत एका वेळी दोनच माणसे लढतील. टाके ताब्यात गेले तर वेढ्यातल्यांचे दिवस कमी होतील. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व मधला बालेकिल्ला यांनाही हीच रीत लागू पडते.

दरवाजाच्या तुकड्यावर थोडे थांबायला हवे. युरोपीय संचातला दरवाजा भिंतीत सरळ बसवलेला असतो: समोर मोकळी जागा, मग फाटक. मराठेशाहीतला गोमुखी दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात दडलेला असतो. रायगडाचा महादरवाजा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. वळण घेतल्याखेरीज तो दिसत नाही, हत्तीला धाव घ्यायला सरळ अंतर मिळत नाही आणि शत्रू वळत असताना त्याच्यावर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. हे सारे पाच बाय पाच चौकटींच्या दोन तुकड्यांत उतरवता येते. पहिल्यावर वाट एका बाजूने शिरते आणि काटकोनात वळून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. दुसऱ्यावर वळणाच्या टोकाला फाटक. पहिला तुकडा मांडताना दुसरा झाकलेलाच ठेवायचा. खेळाडू वळणावर पोहोचला, की मगच तो टेबलावर येतो. एकसंध छापील नकाशात हे साधत नाही, कारण तो उलगडताक्षणी सगळे उघडे पडते. सुट्या तुकड्यांचा सर्वांत मोठा गुण हाच म्हणावा लागेल.

खाडीचा तुकडा तर दोन्ही बाजूंनी रंगवावा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला. त्याच्या पायथ्याची खाडी भरतीला वेगळी आणि ओहोटीला वेगळी दिसते. तुकड्याच्या एका बाजूला पाणी व होडीची वाट, दुसऱ्या बाजूला चिखल आणि तिवरांची मुळे. डावाच्या मध्यावर सूत्रधाराने तुकडे उलटले, की होडी रुतते आणि पायी येणाऱ्याला वाट मिळते. तिवरे, मिठागर, वाड्याचा चौक, सोपा, विहिरीच्या पायऱ्या असे तुकडे तयार संचांत शोधून सापडणार नाहीत. ते घरीच करावे लागतात.

पुठ्ठा, कात्री आणि पावसाळा

घरी तुकडे करताना इंचापेक्षा अडीच सेंटिमीटरची चौकट सोपी पडते. शाळेच्या पट्टीवर बारा चौकटींमागे फरक पडतो तो जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. पाच चौकटींचा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर ए-फोर आकाराच्या एका कागदावर दोन बसतात. सहा चौकटींचा घेतला तर एकच बसतो आणि कागद वाया जातो. सहा कागदांत बारा तुकडे होतात, आणि चार बाय तीन मांडले तर ५० बाय ३७.५ सेंटिमीटरचा पट मिळतो. टीपॉयवर तो आरामात राहतो.

पुठ्ठ्यावर कागद एकाच बाजूने चिकटवला तर वाळताना तो आखडतो आणि तुकडा वाकतो. जूनपासूनच्या दमट हवेत हा दोष आणखी वाढतो. मागच्या बाजूलाही तितक्याच जाडीचा कागद लावला, की ओढ दोन्हीकडून सारखी राहते; मागची बाजू रंगवण्याचा हा आणखी एक फायदा. डिंक पातळ हाताने लावावा आणि तुकडे रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावेत. जाड लग्नपत्रिकांचा पुठ्ठा या कामाला उत्तम, आणि तो बहुतेक घरांत पडून असतो. अलीकडे थ्री-डी प्रिंटरवर भिंतींसकट तुकडे छापणारेही पुष्कळ आहेत. ते देखणे दिसतात, पण त्यांना लागणारे कपाट येथल्या घरात कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरतोच.

ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी जमीन आहे. जुन्या इमारतींतली मोझॅकची फरशी अनेकदा २५ सेंटिमीटरची असते, म्हणजे नेमक्या दहा चौकटींची. प्रत्येक फरशी हाच एक तयार तुकडा. त्यावर ठिपके पाडायला रांगोळीचा भोके पाडलेला कागद चालतो: अगरबत्तीने अडीच सेंटिमीटरवर भोके पाडायची, कागद फरशीवर ठेवून रांगोळी फिरवायची आणि भिंती खडूने ओढायच्या. डाव संपल्यावर ओले फडके पुरते.

मांडणीचा वेळ मात्र कमी लेखू नये. तीन तासांच्या डावात पेटी चाळून योग्य तुकडा शोधण्यात अर्धा तास गेला, तर खेळाडू भ्रमणध्वनीकडे वळतात. सूत्रधाराने लागणारे तुकडे आधीच क्रमाने गड्डी करून ठेवावेत आणि प्रत्येक प्रसंगाला नकाशा मांडू नये. टेबलावर तुकडा आला की खेळाडू लढाईच गृहीत धरतात. वाटाघाटीचा प्रसंग नुसत्या बोलण्यावर सोडलेला बरा.

डाव अर्धा राहिला तर मांडणी टिपून ठेवता येते. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक क्रमांक आणि एका बाजूला बाणाची खूण करावी. मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ‘७ उ, ३ पू, ११ द’ असे लिहिले, की सातवा तुकडा उत्तरेकडे बाण करून, तिसरा पूर्वेकडे, अकरावा दक्षिणेकडे, हे नंतर कोणालाही कळते. खाडीच्या तुकड्यापुढे ‘भ’ किंवा ‘ओ’ हे अक्षर जोडावे. बारा तुकड्यांची मांडणी चिठ्ठीच्या एका ओळीत मावते, आणि पुढच्या रविवारी तोच पट पाच मिनिटांत पुन्हा उभा राहतो.